आप्पांचं पिठलं

आमच्या पनवेलात निवडणूक कोण जिंकलं ते रेडिओ सांगे. कोण हरलं ते मात्र शेजारच्या आप्पांच्या हातातला पितळी टोप कुठल्या आळीत वळतो, त्यावरून कळे.

मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी पिठलंभात नेतात. आप्पांनी ही रीत पडलेल्या उमेदवारालाही लावली होती. "जिंकलेल्याचे पेढे खायला गाव आहे. त्या बिचाऱ्याला कोण वाढतंय? बोला, खोटं आहे?"

लोकसभेच्या त्या निवडणुकीनं मात्र त्यांची पंचाईत केली. आमचे दादासाहेब आणि तळ्याकाठचे वकीलसाहेब, दोघेही गावातलेच. चुरस अशी, की अलिबागच्या मतमोजणीवरून भाताच्या गिरणीत येणारा प्रत्येक फोन आधीच्या फोनला खोटं पाडी. आप्पा भरला टोप घेऊन चौकात उभे.

दुपारी गिरणीतला धोंडू ओरडत आला, "दादासायेब मागं हाय! लय मागं हाय!"

पाठोपाठ आप्पा आमच्या प्रचार कचेरीत हजर.

"आप्पा, अजून जीव आहे आमच्यात!" मी म्हणालो. मी प्रचारप्रमुख होतो. म्हणजे भोंगा धरणारा.

"असू दे. गरम आहे तोवर घ्या."

दादासाहेबांनी तोंड फिरवलं. मी सकाळपासून उपाशी. पक्षनिष्ठा राखून एकच घास घ्यायचं ठरवलं, आणि टोपाचा तळ दिसला तेव्हा थांबलो.

तेवढ्यात शेवटचा फोन आला. थोडक्या मतांनी, पण दादासाहेब आले! गुलाल उडाला. आप्पा रिकाम्या टोपाकडं बघत होते. "जिंकणाऱ्यांनी खाल्लं माझं पिठलं! आता वकिलाकडं काय नेऊ? बोला!"

शिक्षा म्हणून कपाळावरच्या गुलालासकट मी त्यांच्या स्वयंपाकघरात कांदा चिरायला बसलो. काकू गेल्यापासून तिथं पाट एकच होता.

"नगरपालिकेला मीही उभा होतो," चुलीकडं बघत आप्पा म्हणाले. "पडलो. दारात कुणी फिरकलं नाही. शेवटी हीच उठली, पिठलं टाकलं. म्हणाली, आपण दोघं आहोत ना जेवायला? ...कांदा बारीक चिर रे."

वकिलांच्या अंगणातला मांडव एव्हाना उतरला होता. माझं कपाळ बघून ते म्हणाले, "शत्रुपक्षही जेवणार वाटतं?"

"कांदा त्यानंच चिरलाय," आप्पा म्हणाले.

वकील हसले, आणि त्यांनी भात कालवला.

आप्पा स्वतःच्याच पिठल्याला 'वा!' म्हणत जेवत होते. "आणखी भात?" वकिलांच्या पत्नीनं विचारलं.

"वाढा, वहिनी, वाढा. घरी जात नाही हो इतका. बोला, खोटं आहे?"

वहिनींनी वाढलं.