पिंजऱ्यातला लाजाळू सुदो

माणसांना ठोसे मारणं हा ज्याचा व्यवसाय आहे, तो माणूस माझ्याकडे चड्डी लांब करून घ्यायला येतो.

मी आचरा गावात बायकांचे ब्लाऊज शिवते. पुरुषांचं शिवत नाही, असं पाटीवरच लिहिलंय. पण शेजार पडला. आमच्या दगडी गडग्यापलीकडचा सुधाकर, म्हणजे आमचा सुदो, पहिल्यांदा आला तेव्हा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं काखेत धरून दाराबाहेर उभा होता. दुकानातल्या बायका जाईपर्यंत समोरच्या फणसाकडे बघत राहिला. मग पुडकं काउंटरवर ठेवून म्हणाला, "काकी, ही जरा लांब कर गो. गुडघ्याच्या खाली येऊक व्हयी."

ती त्याची लढायची चड्डी होती.

"लढूक जातंस की पूजेक बसूक?" मी विचारलं.

"सगळे बघतत गो. उघडे पाय बरे दिसणत नाय."

'बरा दिसणा नाय' हे सुदोचं ठरलेलं वाक्य. बाजारात कोणी पुढे घुसलं तर तोच बाजूला होतो, कारण वाद घालणं बरं दिसत नाही. परसात आंब्याला वाळूने भरलेली गोणी टांगून तो ठोसे मारतो, पण शेजारपाजार उठल्याशिवाय नाही, कारण लोकांची झोपमोड बरी दिसत नाही. समुद्रात पोहतो तेही शर्ट घालून. छाती अशी की माझी टेप कमी पडावी, आणि मान कायम खाली.

हा माणूस मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा व्यावसायिक लढवय्या आहे. जाळीच्या पिंजऱ्यात दोघांना सोडतात आणि दार बाहेरून लावतात. ठोसे, लाथा, कुस्ती, गळा आवळणं, सगळं चालतं. मी एकदा मोबाइलवर बघायला घेतलं आणि अर्ध्यातच उठून हुक लावायला बसले.

सुदोची लढाई मात्र बघण्यासारखी असते. एका ठोशात समोरचा आडवा झाला की बाकीचे लढवय्ये त्याच्या छातीवर बसून आणखी हाणतात. सुदो दोन पावलं मागे सरतो आणि तो उठायची वाट बघतो. जाळीबाहेरून त्याचा गोव्याचा कोच घसा फोडत असतो. अशा कितीतरी जिंकलेल्या लढती त्याने वाट बघता बघता घालवल्या. मी विचारलं तर म्हणाला, "पडलेल्याक मारूचा बरा दिसणा नाय, काकी." जिंकला तर आणखी पंचाईत. पंच त्याचा हात वर करतो तेव्हा हा नारळ चोरताना सापडल्यासारखा उभा असतो. हरलेल्याला हाताला धरून उठवतो आणि त्या परमुलखातल्या माणसाला मालवणीत विचारतो, "लागला काय रे?"

त्याची आई, शेवंतामावशी, अगदी उलट. सगळा जन्म डोक्यावर पाटी घेऊन मासे विकले. आवाज असा की ती बंदरावर बोलली तर देवळात ऐकू यावं. अलीकडे मात्र तिने बाजार सोडला. दिवसभर पडवीत खुर्चीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायची. "झील कमावता. आता मी कित्याक पाटी उचलू?" असं म्हणायची, आणि आम्हाला ते पटायचं. मुलासाठी सोयरीक घेऊन येणाऱ्यांना मात्र ती 'झील गोव्याक कामाक आसा' एवढंच सांगायची. काम काय, हे सांगायची तिलाही लाज वाटत असावी.

मग ती लढत झाली. सुदोची आजवरची सगळ्यात मोठी. हौशी मंडळींनी ती बघायला देवळाजवळ मोठा पडदा लावला. सगळा गाव संध्याकाळी जमला, हॉटेलवाल्या भाऊंनी फुकट चहा वाटला. पिंजऱ्याचं दार लागलं. समोरच्याने सुदोला खाली पाडलं, त्याचा उजवा हात दोन्ही पायांत अडकवून मागे ताणला, आणि सुदोने डाव्या तळहाताने थाप, थाप, थाप केलं. पंच धावला. खेळ खलास. लोकांचा चहा अजून गरम होता.

या खेळात तसा नियमच आहे. आता मोडणार असं वाटलं की थापटायचं, समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. पण गावाला नियमाशी काय करायचंय? "हात मोडाक नाय नि ह्यो थापटूक लागलो!" भाऊ म्हणाले. त्या दिवसापासून सुदो दिसला की गाव थापटायला लागला. पोरं डब्यांवर थापटायची. भाऊ चहा ठेवून टेबलावर थापटायचे. बायकाही हसायच्या, आणि त्यांच्यात मीही होते. सुदो मान आणखी खाली घालून निघून जायचा. हळूहळू बाहेर दिसेनासाच झाला. आंब्याखालची गोणी नुसती लोंबत राहिली.

त्यातच गावपळण आली. आचऱ्याबाहेरच्यांना सांगते: दर काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळा गाव घरांना कुलपं लावून, गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर जातो. तीन दिवस झोपड्यांत राहायचं. गावात कोणी म्हणजे कोणी थांबायचं नाही. मजा असते, भजनं, गजाली-गप्पा, चुलीवरचं जेवण. फक्त एक आहे, तिथे भिंत नसते. कोण काय खातं, कोण कोणाशी भांडतं, सगळं सगळ्यांना दिसतं.

गावपळणीच्या आधी सुदो माझ्याकडे आला. बऱ्याच दिवसांनी दिसला.

"काकी, झोपडेक पडदो शिवून दी. जाड कापडाचो. चारय बाजूंनी. भायल्या माणसाक कायएक दिसता नये."

"इतको लाजतंस?" मी म्हणाले. "थापटलंस ता थापटलंस. तोंड किती दिवस लपवतलंस?"

तो फणसाकडे बघत राहिला. "शिवतलंस मा?" एवढंच म्हणाला.

मी शिवला. निघायच्या दिवशी सगळ्यांच्या आधी, उजाडायच्या सुमाराला तो आईला रिक्षात घालून गेलासुद्धा. आम्ही वेशीबाहेरच्या माळावर पोचलो तेव्हा त्यांच्या झोपडीला चारी बाजूंनी माझा पडदा होता. आत शेवंतामावशीचा आवाज नेहमीसारखा चढलेला. भाऊंनी जाता जाता डब्यावर थापटलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीवरून वारा सुटला. चुली पेटल्या होत्या, सगळे बाहेर होते. एका झोतात पुढचा पडदा उडाला आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन पडला.

आत सुदो गुडघ्यांवर होता. चटईवर बसलेल्या आईच्या काखांखालून हात घालून, पाठीमागे बोटं गुंफून, तो तिला उचलत होता. मावशीचे दोन्ही पाय लाकडासारखे नुसते घसटत होते. ती अर्धी उठली, तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तिने त्याच्या पाठीवर थापटलं. थाप, थाप, थाप. तो आहे तिथे थांबला. तिला हळूच खाली टेकवलं.

"सोडलंय, आये. सोडलंय."

तिने दम घेतला. मग मान हलवली, आणि त्याने पुन्हा हात घातले. तेवढ्यात तिला आम्ही दिसलो. जिने सगळ्या बंदराला दमात घेतलं, त्या बाईने पदर ओढून तोंड झाकलं.

सगळ्यात आधी भाऊंनी पाठ फिरवली. मग एकेकाने. कोणी चूल फुंकायला लागलं, कोणी विनाकारण म्हैस हाकायला लागलं. सगळा गाव त्या झोपडीकडे पाठ करून उभा राहिला. मी पडदा उचलला, सुईदोरा घेतला आणि मान खाली घालून बांबूला टाके घालायला लागले. गडग्यापलीकडे ही बाई किती दिवसांपासून चालत नव्हती, आणि मला तिच्या खुर्चीपलीकडे काही दिसलं नव्हतं. मला माझी लाज वाटली.

"आता शिवतंस कित्याक गो?" पदराआडून मावशी म्हणाली. "बघूचा ता सगळ्यांनी बघलां."

दुपारी सुदो पाणी आणायला निघाला तेव्हा मी त्याला गाठलं. विचारायचं होतं ते त्यालाच कळलं.

"हात मोडलो आसतो तर जोडलो आसतो, काकी. पण तवसर तिका कोण उचलतलो? पयली मी लढूक गेलंय की तोंडवले गावची माझी मावशी येय, पण आता तिचेच गुडघे गेले; त्या लढतीक कशीबशी दोन दिस रवली."

"मगे सांगूक काय झाला व्हता? लोक इतके हसले तुका."

"आयेक लाज वाटता. तिचा मी कसा सांगू? बरा दिसणा नाय."

गावपळण संपली. गाव परतला, तेव्हा सुदोने रिक्षा केली नाही. भर उन्हात आईला पाठीवर घेऊन रस्त्याने चालत आला. तिला कोणाशी बोलायचं असलं की ती त्याच्या खांद्यावर थापटायची, तो थांबायचा, ती समोरच्याचा पाणउतारा करायची आणि पुढे. भाऊंच्या हॉटेलासमोर बराच वेळ थांबले, असं ऐकलं. शेवटचा थांबा माझं दुकान.

"हेचो कोच फोन करता," तिने पाठीवरूनच सांगितलं. "आणि ह्यो म्हणता लढूचा नाय. ह्येका समजव."

"समजवूचा काय?" सुदो म्हणाला. "मी गेलंय तर तुका उचलतलो कोण?"

"मी उचलतंय," मी म्हणाले. "शिकव माका."

त्याने मावशीला खुर्चीवर ठेवलं आणि शिकवलं. गुडघा कुठे टेकायचा, हात कुठून घालायचे, जोर कमरेचा नाही, मांड्यांचा लावायचा. सगळं माझ्यापासून चार हात लांब उभं राहून, हवेत हात घालून दाखवलं. परक्या बाईला हात लावणं बरं दिसलं नसतं.

मी मावशीच्या काखांखालून हात घातले. माशांच्या पाट्यांनी घडलेली बाई, आता अंगावर काही उरलं नव्हतं. ती अर्धी उठली आणि माझ्या पाठीवर तिचा तळहात पडला. थाप, थाप, थाप.

मी जागच्या जागी थांबले. तिला टेकवलं. "सोडलंय, मावशे," म्हणाले.

सुदो फणसाकडे बघत होता. मावशीने दम घेतला, माझ्याकडे पाहिलं.

"थांबलंस मा? मगे झाला तर. त्येची चड्डी गुडघ्याच्या वर घे, लाजण्यासारखा काय आसा त्येच्यात? आणि आता उचल माका."