धबधबा पाहणाऱ्यांची मंजूर यादी

निसर्गाचं रक्षण करायचं तर त्याच्यापासून योग्य अंतरावर बसून जेवलं पाहिजे, हे तत्त्व काशीतल्या महाराष्ट्रीय मंडळींनी फार आधी ओळखलं. बालाजी घाटाजवळच्या वनविहार मंडळाने (स्थापना १९६३, सभासद अठ्ठावीस, त्यांत पोहता येणारे नऊ, चालता येणारे अनिश्चित) विंध्याच्या डोंगरातल्या अभयारण्याच्या अकरा सहली केल्या आणि अकराही वेळा जंगलातलं गवताचं पातं हललं नाही. जंगलाला इतकं जपणारी दुसरी संस्था दाखवा.

पद्धत अशी. कार्तिकातल्या एका रविवारी बस रामनगर ओलांडून डोंगराच्या पायथ्याच्या खेड्यात, वनखात्याच्या बंगल्यावर दहाला पोचते. तिथून धबधबा अर्धा कोस. पण रिकाम्या पोटी पर्वत पाहू नये, म्हणून आधी पंगती. पहिली वैदिकांची, दुसरी उरलेल्या पुरुषांची आणि तिसरी, वाढून वाढून हात मोडल्यावर, बायकांची. बायकांना मागे टाकून पुरुषांनी जाणं बरं दिसत नाही, म्हणून पुरुष बिचारे थांबतात (आडवे होऊन). बायका हात धुतात तेव्हा साडेतीन झालेले असतात आणि अभयारण्याचं फाटक चारला बंद होतं. आता यात कुणाला बोल लावणार?

अहवालाचं मात्र कधी अडलं नाही. परतल्यावर सगळे दमलेले असतात, म्हणून चिटणीस ढुंढिराजपंत तो आदल्या गुरुवारीच लिहून ठेवत. 'तीन धारांचा धबधबा पाहून सर्वांचे डोळे पाणावले. अस्वल एक, चितळ चौदा.' अस्वल दरवर्षी एकच. पंतांना अतिशयोक्तीचा तिटकारा होता.

शरदिनीताई पहिल्या सहलीपासून आमटीच्या पातेल्यावर. शाळेत भूगोल शिकवायच्या. तीस वर्षं फळ्यावर खडूने धबधबे काढले, खरा एकही पाहिला नव्हता. चौऱ्याहत्तर साली डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाले, पुढच्या वर्षी घरचा जिना चढलात तरी खूप. बाई हादरल्याच. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

त्या बाराव्या सहलीच्या रविवारी दुसऱ्या पंगतीत विष्णुभटजींनी (जे पहिल्या पंगतीतही होते) आमटी मागितली. ताईंनी अख्खं पातेलं त्यांच्या पानाशी ठेवलं, पदर खोचला आणि चालू लागल्या. मागे एकच गोंधळ उडाला, पण पानावरून उठून कोण जाणार? फाटकावरचा वनरक्षक तेवढा सोबत निघाला. "माताजी, धीरे चलिए," तो म्हणाला, "पानी कहीं भागा नहीं जा रहा."

धबधब्याला धारा दोनच होत्या. चितळ नाही, अस्वल नाही, एक माकड होतं आणि त्याचा डोळा ताईंच्या चष्म्यावर होता. ताई गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि मोठ्याने रडल्या. जन्मात इतकं बरं वाटलं नव्हतं त्यांना.

ओलं लुगडं सावरत परत आल्या तेव्हा व्हरांड्यात अहवालाचं वाचन चाललं होतं. ताईंनी सांगितलं, धारा दोन आहेत, तीनच्या जागी दोन लिहा. मग पंत अगदी मायेने बोलले.

"ताई, तुम्ही एकट्यांनी पाहिलात. आम्ही सत्तावीस जणांनी पाहिलेला तीन धारांचा आहे."

मतदान झालं. सत्तावीस विरुद्ध एक. अकरा वर्षं शेजारी उभी राहून भात वाढणाऱ्या कालिंदीनेही हात वर केला, थोडा उशिरा, ताईंकडे न बघता. ताईंना ते फार लागलं. पाठोपाठ दुसरा ठराव झाला: परवानगीवाचून पंगत सोडल्याबद्दल शरदिनीताईंचं नाव अहवालाखालच्या धबधबा पाहणाऱ्यांच्या यादीतून कमी करावं.

त्यामुळे यादीत एक जागा रिकामी झाली आहे. घराबाहेर पाऊल न टाकता, हे सगळं बसल्याजागी वाचून ज्यांना धबधबा पाहिल्याचं समाधान लाभलं, अशांनाच ती द्यायची असं मंडळाने एकमताने ठरवलं आहे. आपलं नाव कसं लिहायचं, तेवढं कळवा.