शेळके साहेबांच्या काठीचे बूट

शेळके साहेबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतो, व्हर्नियर असतो. यंत्राच्या भागांची जाडी मोजायची ती जबड्याची स्टीलची पट्टी. साहेबांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, व्हर्नियर मात्र अजून कामावर आहे. साहेब भेंडी मोडून बघत नाहीत, मोजून बघतात. आमच्या बिल्डिंगमधल्या एका लग्नात त्यांनी पंगतीत बसल्या बसल्या चार लाडू मोजले आणि म्हणाले, "दोन मिलिमीटरचा फरक आहे. वळणाऱ्या बायका दोन होत्या." चौकशी केली तेव्हा खरंच दोघी निघाल्या. मुलीकडच्यांचे चेहरे उतरले, ते वेगळं.

नागापूरच्या कारखान्यात मी लागलो तेव्हा साहेब तपासणी खात्याचे प्रमुख होते. तिथे त्यांनी "रिजेक्ट" म्हटलं की मालकही वाद घालत नसत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "अंदाज म्हणजे आळशी माणसाचं माप." दुसरं त्याहून छोटं, "माप बोलू दे." नवीन माणसाने "साहेब, बसतंय की बरोबर" असं म्हटलं, की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "बसतंय, पण धरतंय का?"

पुढे मी स्टोअरमध्ये गेलो. नट-बोल्ट मोजता मोजता माझीही सवय तीच झाली. पायऱ्या चढताना मी त्या मोजतो. आता सावेडीत आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. ते दुसऱ्या मजल्यावर, मी बरोबर त्यांच्या खाली पहिल्या मजल्यावर. मधल्या पायऱ्या अठरा.

साहेबांचा दुसरा नाद डोंगर-गडांचा. मूळचे ते अकोले तालुक्यातले, त्यामुळे कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड ही त्यांच्या दृष्टीने घरचीच मंडळी. कारखान्यात असताना ते वर्षातून दोनदा आम्हाला घेऊन जायचे. पहाटेची एसटी, राजूरला उतरून मिसळ, तिथून जीप. बरोबर त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, असायच्याच. त्या वेळी गडावर बायका नेण्याची आमच्याकडे फारशी पद्धत नव्हती. पण काकू सगळ्यांच्या पुढे असत, पाठीवर भाकरी-ठेच्याची पिशवी, हातात वेळूची काठी. साहेब त्यांच्या मागे दहा पावलांवर. दोन्ही काठ्यांना साहेबांनी कारखान्यात लोखंडी शेंब्या करून बसवल्या होत्या. कातळावर टक, टक असा आवाज यायचा.

एक गोष्ट तेव्हा आम्हाला चमत्कारिक वाटायची. काकू अख्ख्या चढणीत एकदाही मागे वळून बघत नसत. आमच्यातला एक जण म्हणाला, "घरून भांडून निघालेत वाटतं." उतरताना उलट व्हायचं. साहेब पुढे, काकू मागे. मी एकदा कारण विचारलं. साहेब म्हणाले, "घसरली तर माझ्या अंगावर घसरावी. हिशेब साधा आहे." काकू मागून म्हणाल्या, "आणि हे घसरले तर दरीत जातील, तोही हिशेब साधाच आहे."

वेळूच्या काठ्या गेल्या. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलीने दोघांना ट्रेकिंगच्या ॲल्युमिनियमच्या काठ्या दिल्या, लांबी कमी-जास्त होणाऱ्या. खाली टोकाला कठीण धातूची अणी. साहेबांनी त्या मोजल्या आणि पास केल्या. मुलीला वाटलं, बाबांना आवडल्या. आवडल्याच होत्या, फक्त त्यांच्याकडे त्याला दुसरा शब्द नाही.

यंदा संक्रांतीनंतर काकू बाथरूमच्या दारात घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, घरी आल्या, अंथरुणावर पडून राहिल्या. माझी बायको मंगल दुपारी डबा घेऊन वर जायची. दोघींचा वीस वर्षांचा चहा, रोज सकाळी सातचा, तोही आमच्याच ओट्यापाशी. काकूंनी मंगलला एक दिवस सांगून टाकलं, "आता तू वर येऊ नकोस, मंगल. पडलेल्या माणसाला बघायला येतात तसं येतेस, मला ते सहन होत नाही. मी खाली येईन. मग चहा पिऊ." मंगल डोळे पुसत खाली आली. "अठरा पायऱ्या आहेत हो," ती मला म्हणाली. जणू मला ठाऊक नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी टकटक सुरू झाली.

पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटं. डोक्यावर छतात टक. मग थोडं थांबून टक. माझी तेव्हा दुसरी पाळी चालू होती, झोपायला एक वाजायचा. पहिल्या दिवशी मी चिडलो. दुसऱ्या दिवशी मोजलं, एकशे दोन. तिसऱ्या दिवशी एकशे सहा. आवाज ओळखीचा होता. फरशीवर धातूची अणी.

"साहेब सराव करतायत," मी मंगलला म्हटलं. "कळसूबाईला निघालेत."

"बायको अंथरुणात आणि हे गडावर?" मंगलने तवा असा आपटला की वरही ऐकू गेलं असेल. "रिजेक्ट करा म्हणावं स्वतःला."

मला ते बोलायचं धाडस नव्हतं. वीस वर्षं ज्यांना साहेब म्हटलं, त्यांना झोपेची तक्रार काय सांगायची? शेवटी जिन्यात गाठून अगदी हळू म्हटलं, "साहेब, काठीला खाली रबराचं काही बसवता येईल का? आवाज जरा..."

साहेबांनी वर आपल्या घराच्या दाराकडे बघितलं. मग खिशातून व्हर्नियर काढून म्हणाले, "चूक माझी. आवाज हाही दोषच आहे. बसवू."

आता दुसरा कोणी असता तर दुकानातून दोन टोप्या आणून खुपसून मोकळा झाला असता. साहेबांनी तीन आठवडे घेतले. पहिल्यांदा हार्डवेअरच्या दुकानातून स्टुलाच्या पायाचे बूट आणले. आतलं भोक चौदा मिलिमीटरचं, काठी साडेअकराची. "बसतंय, पण धरतंय का?" स्वतःलाच विचारून त्यांनी काठी झटकली. बूट उडून माझ्या दारातल्या तुळशीत पडला. मग औषधाच्या दुकानातले कुबडीचे बूट आले. ते एकोणीसचे. "यात माझा अंगठा उभा राहील," म्हणून परत गेले.

त्यानंतर साहेब मला घेऊन पंक्चर काढणाऱ्या रफिकभाईंकडे गेले. रफिकभाईंनी काठी हातात फिरवली.

"साहेब, चाकाला रबर लावतो मी. काठीला पहिल्यांदाच. काठी पंचर झाली का?"

"टायरचा तुकडा कापून दे. आत साडेअकरा."

"अकरा देतो. ठोकून बसवा."

"अकरा म्हणजे फाटेल."

"मग बारा घ्या."

"बारा म्हणजे निघेल."

रफिकभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, यांच्या घरी रोज भाकरी कोन करतं हो? त्या माउलीला माझा सलाम सांगा."

रफिकभाईंनी दिलेला बूट घट्ट बसला, पण साहेबांच्या पांढऱ्या फरशीवर काळ्या रेघा उठल्या. रिजेक्ट. शेवटी मुलीने पुण्याहून कुरिअरने दोन जाती पाठवल्या. एक घंटेसारखी गोल, दुसरी खरोखर बुटाच्या आकाराची, पुढे चवडा असलेली. साहेबांनी दोन्हींच्या तळाला निळी शाई लावली आणि कागदावर ठसे घेतले. कारखान्यात दोन पृष्ठभाग नीट टेकतात की नाही, ते आम्ही असंच बघायचो. मग जिन्यातल्या चौकात फरशी ओली करून काठी तिरकी धरायची आणि कुठल्या कलाला सुटते ते बघायचं. ती सुटेल त्या क्षणी मी "सुटली" म्हणायचं, हे माझं काम. एकदा साबणाचं पाणीही टाकलं. त्यावरून मीच सुटलो.

"इतकं कशाला साहेब?" मी कंबर चोळत विचारलं. "गडावर फरशी कुठे असते?"

साहेबांनी कागदावरचे ठसे पुन्हा मोजले आणि गोल जात पास केली. त्या जातीचे बूट दोन होते, वाजणारी काठी तर एकच. दुसरा कशाला, हे मी विचारलं नाही. इथे माझं मोजणं कमी पडलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे शांतता. तिसऱ्या दिवशीही. मी साडेसातपर्यंत झोपलो. रविवारी उपकाराची परतफेड म्हणून मंगलने केलेली शेंगदाण्याची चटणी वाटीत घेऊन वर गेलो. दार उघडंच होतं.

आतल्या बोळात काकू उभ्या होत्या. उजव्या हातात ट्रेकची काठी, डावा हात भिंतीवर. त्यांच्या मागे चार पावलांवर साहेब, हातात दुसरी काठी. दोन्ही काठ्यांना नवे बूट. दोघांची पाठ माझ्याकडे होती.

"आहात का?" काकूंनी विचारलं.

"आहे," साहेब म्हणाले.

काकूंनी एक पाऊल टाकलं. थांबल्या. "आहात का?"

"आहे ना, सुलभा."

"बोलू नका हो. बोललात की मी तुमच्याकडे वळायला जाते आणि पाय सरकतो. काठी वाजवा."

"वाजत नाही आता." साहेबांनी काठी टेकवून दाखवली. नुसतं थप झालं. "खाली सुभाषला झोप लागत नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस आहे."

"मग आज इतकंच," काकू म्हणाल्या. "काल अकरा पावलं झाली, आज नऊ. मला मागे कोणी आहे असं वाटतच नाही."

मी वाटी घेऊन उभाच. गडाची ती वाट डोळ्यांपुढे आली. मागे न वळणाऱ्या काकू आणि दहा पावलांवरची टकटक. भांडण म्हणे! आणि रोज पहाटे मी मोजत होतो तो कोणाचा सराव होता, तेही आत्ता कळलं. काकूंच्या काठीला आधीपासून कसलं तरी जुनं रबर असणार, म्हणून ती मला कधी ऐकू आली नव्हती. न घसरणारा नवा बूट खरा त्यांच्यासाठी हवा होता. साहेबांच्या काठीला तो फक्त माझ्यामुळे आला.

"साहेब," मी म्हटलं, "तुमची काठी द्या इकडे."

दोघेही दचकले. काकूंनी पदर सावरला. "मंगलला सांगू नकोस हं," त्या पहिलं हेच म्हणाल्या.

मी बूट ओढला. निघेना. पीळ दिला. निघेना. साहेबांनी काठी धरली, मी बूट धरला, दोघांनी ओढलं. बूट जागचा हलला नाही. साडेअकराच्या काठीवर त्यांनी तीन आठवडे शोधून आणलेलं माप होतं ते.

"धरतंय," साहेब पुटपुटले. त्या अवस्थेतही आवाजात थोडा अभिमान होता.

"कौतुक पुरे," काकू भिंतीला टेकून म्हणाल्या. "गरम पाण्यात बुडवा."

गरम पाण्याने निघाला. साहेबांनी काठी फरशीवर टेकवली. टक. काकूंनी मान वर केली आणि पाऊल टाकलं. टक. दुसरं. मी वाटी ओट्यावर ठेवून मागच्या मागे निघालो. जिन्यात उभा राहून मोजलं. सदतीस झाल्यावर थांबल्या.

बूट अजून माझ्याकडे आहे, फ्रिजवर, चाव्यांच्या डबीत. काकूंनी बजावल्याप्रमाणे मंगलला मी काही सांगितलं नाही. पण नवराबायकोत किती दिवस लपणार? पहाटे मी मोजत पडलेलो असताना ती अंधारातच विचारू लागली, "किती?" मी म्हणायचो, "एकशे चौदा." मग दोनशेच्या वर गेलं. रफिकभाईही भेटले की विचारतात, "साहेबांची काठी चालू हाय ना?" मी म्हणतो, "चालू आहे."

परवा मोजताना आकडा चुकला. टकटक डोक्यावरून सरकत दाराकडे गेली आणि बंद झाली. कडी निघाल्याचा आवाज आला. मग जिन्यात टक. साहेब पुढे असणार, उतरण होती. एक. दोन. मी अंथरुणात उठून बसलो. नवव्यानंतर चौकात बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी दाराकडे निघालो, तशी मंगलने माझा हात धरला.

"थांबा. त्यांना येऊ द्या."

दहा. अकरा.

मंगलने स्वयंपाकघरात जाऊन गॅस पेटवला आणि पातेल्यात दोन कप पाणी वाढवलं.