ग्रीकांच्या दारात डुलकी

प्लँट बंद ठेवून चाललेल्या दुरुस्तीचा शटडाऊन संपला त्या गुरुवारी अरविंद सोहनी घरी आला, सोफ्यावर टेकला आणि एक बूट काढून दुसऱ्याकडे हात नेता नेताच झोपला. सौदीतल्या जुबैलच्या केमिकल प्लँटमध्ये तो गेले कित्येक आठवडे कॉम्प्रेसरच्या पोटात राहत होता. घरी यायचा तो फक्त कपडे बदलायला.

"उद्या सकाळी निघायचंय," मंजिरीनं त्याचा दुसरा बूट काढत सांगितलं.

"कुठे?"

"ग्रीकांकडे."

अरविंदनं डोळे उघडले नाहीत, पण झोप मात्र उडाली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दोघं ग्रीसला जाणार होती. हॉटेलं ठरली होती, मंजिरीनं चालायचे बूट घेतले होते, आणि ऐनवेळी शटडाऊन लांबला. कंपनीनं सगळ्यांच्या रजा रद्द केल्या. अरविंदनं हे घाबरत घाबरत फोनवर सांगितलं तेव्हा मंजिरी फक्त "बरं" म्हणाली. पंचवीस वर्षांत तिचं 'बरं' ओळखायला तो शिकला होता. हे 'बरं' नेहमीचं नव्हतं. ती भांडली असती तर परवडलं असतं, पण त्या विषयावर ती पुन्हा एक अक्षर बोलली नव्हती.

आणि आता तिनं स्वतःच शोधून काढलं होतं, की जुबैलपासून जेमतेम तासाभरावर, वाळवंटात, थाज नावाचं एक गाव आहे. तिथे ग्रीकांच्या काळातलं शहर सापडलंय. ग्रीक नाणी, ग्रीक भांडी, भलीमोठी तटबंदी.

"ग्रीस नाही तर नाही, थाज तर थाज," ती म्हणाली. "नसरुद्दीनभाई आणि सुरैया येतायत. गाडी त्यांची. तुला फक्त बसायचंय."

नकार द्यायची अरविंदची ताकदही नव्हती आणि हिंमतही.

सुरैयाचा नवरा नसरुद्दीन परकार मूळचा रत्नागिरीकडचा. कतीफमध्ये त्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. इतकी वर्षं दुकान चालवल्यानं त्याचं अरबी अस्खलित होतं, पण दुकानापुरतं. गास्केट आणि बेअरिंग यांविषयी तो कोणाही अरबाशी तासभर बोलू शकत असे. त्यापलीकडे तो आत्मविश्वासावर भागवायचा.

शुक्रवारी सकाळी चौघं थाजला पोचली. तारेचं लांबच लांब कुंपण होतं, फाटक होतं, फाटकाला कुलूप होतं. कुंपणापलीकडे दगडांचे ढीग दिसत होते. मंजिरी तारेला नाक लावून बघत उभी राहिली. तिची ती पाठमोरी आकृती बघून अरविंदनं मनात म्हटलं, म्हणजे हेही हुकणार.

"दुसरं गेट असंल वहिनी," नसरुद्दीन म्हणाला. "मी विचारतो. मी हाय ना."

वाटेतल्या पेट्रोल पंपावर कादिर नावाचा आझमगढचा माणूस होता. नसरुद्दीननं काच खाली केली.

"भाई, यहाँ वो ग्रीक लोगों का क्या है?"

"कौन लोग?"

"अरे ग्रीक. यूनानी."

कादिरचा चेहरा एकदम उजळला. "अच्छा, यूनानी. वो तो इमाद साहब के यहाँ. अगले मोड़ से अंदर, खजूर का बाग़ है."

"असली है ना? पुराना?"

"बहुत पुराना. बाप-दादा के टाइम का. लोग दम्माम से आते हैं."

"बघा," नसरुद्दीन मागे वळून म्हणाला. "भाषा यायला पायजे."

खजुरीच्या बागेत एक बसकं घर होतं. पांढऱ्या दाढीचा इमाद दारातच उभा होता. त्यानं मोठ्या अगत्यानं स्वागत केलं. त्याची बायको आलिमा मंजिरी आणि सुरैयाला हाताला धरून आत बायकांच्या खोलीत घेऊन गेली. पुरुष बाहेरच्या बैठकीत शिरले.

आत शिरताच अरविंदला ओव्याचा आणि कलौंजीचा वास आला. भिंतीला फळ्या होत्या. त्यांवर बरण्या, मुळ्या, तेलाच्या बाटल्या आणि एका तबकात पाठीला लावायचे काचेचे पेले. कोपऱ्यात स्वच्छ पांढरी चादर घातलेली गादी होती. अरविंदला क्षणात सगळं कळलं. शब्द बरोबर होता, पत्ता चुकला होता. हा युनानी औषधं देणारा हकीम होता.

तो तोंड उघडणार एवढ्यात त्याची नजर पुन्हा गादीवर गेली, आणि त्यानं तोंड मिटलं.

"कोणासाठी आलात?" इमादनं अरबीत विचारलं.

नसरुद्दीननं अरविंदच्या खांद्यावर हात ठेवला. "यांच्यासाठी. खास यांच्यासाठी."

"किती दिवसांचं आहे?"

"दिवस कसले? दोन हजार वर्षं."

इमादनं अरविंदच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखालची वर्तुळं पाहिली, झुकलेले खांदे पाहिले. दोन हजार वर्षं त्याला पटलेली दिसली.

"आधी कुठे जाऊन आलात का?"

"गेलो होतो. पण बंद होतं. सगळं बंद."

"बंद," इमाद गंभीर झाला. "सकाळी?"

"सकाळीच."

इमादनं मान हलवली आणि एका मोठ्या बरणीचं झाकण उघडलं. अरविंदला एक कडू काढा मिळाला. मग त्यानं न सांगताच शर्ट काढला आणि तो गादीवर पालथा झाला. कोमट तेल पाठीवर पडलं. इमादचे अंगठे मानेखाली नेमके तिथे रुतले, जिथे अख्खा कॉम्प्रेसर बसलेला होता.

"अरे सोहनी," नसरुद्दीनच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. "हा तर हकीम हाय."

"हं."

"तुला ठावं होतं?"

"हं."

"आता वहिनींना मी काय सांगू?"

अरविंद घोरत होता.

वहिनींना काही सांगायची पाळी आली नाही. थोड्या वेळानं मंजिरी स्वतःच दारात आली. आत एव्हाना आलिमानं सुरैयाच्या गुडघ्यांना लेप लावला होता आणि हे घर कशाचं आहे ते दोघींना उमगलं होतं. मंजिरीनं गादीवरच्या नवऱ्याकडे पाहिलं.

"उठवू?" नसरुद्दीननं ओशाळत विचारलं.

"नको," ती म्हणाली.

इमाद आणि नसरुद्दीन जुम्म्याच्या नमाजाला जाऊन आले. पाहुणे जेवल्याशिवाय जाणार नाहीत, असं आलिमानं जाहीर केलं. भाताची परात आली, वर अख्खी कोंबडी, मंजिरीसाठी वेगळी भाजी, मग खजूर, मग कॉफी, मग पुन्हा खजूर. नाही म्हटलं की आलिमा दुखावली जाई, म्हणून कोणी नाही म्हटलं नाही. अरविंद झोपलेलाच होता.

त्याला जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि बैठकीत कोणी नव्हतं. मान वळत होती. पाठ हलकी झाली होती. कित्येक आठवड्यांत त्याला इतकं ताजंतवानं वाटलं नव्हतं, आणि इतकं अपराधीही. मंजिरीचा दिवस त्यानं झोपून घालवला होता.

"मदाम?" त्यानं बाहेर येऊन दारातल्या इमादला विचारलं.

इमादनं कुंपणाच्या दिशेनं हात केला. फाटक दुपारनंतर उघडतं, ती तिघं गाडी घेऊन पुढे गेली आहेत, एवढं त्यानं खाणाखुणांनी समजावलं. मग आपली पिकअप काढली.

फाटक सताड उघडं होतं. समोर नसरुद्दीनची गाडी उभी होती, एसी चालू. पुढच्या सीटवर नसरुद्दीन तोंड उघडं टाकून झोपला होता. शेजारी सुरैया. मागे मंजिरी, नवे बूट घालून, टोपी तोंडावर घेऊन गाढ झोपलेली. पहारेकरी हताश होऊन मोडक्या हिंदीत म्हणाला की फाटक उघडल्यापासून त्यानं अनेकदा काच वाजवली, कोणी हललं नाही.

अरविंदनं दार उघडून तिला हलवलं. "मंजिरी, ऊठ. उघडलंय."

तिनं टोपी जराशी वर केली. "किती खायला घातलं त्या बाईनं. माझ्यात त्राण नाही रे. तू जा. बघून ये आणि मला सांग."

"मी एकटा?"

टोपी पुन्हा खाली आली होती.

मग ज्याला कुठेच जायचं नव्हतं तो अरविंद सोहनी एकटाच ग्रीकांच्या काळातलं शहर बघायला निघाला. इमाद सोबत होता. कमरेइतक्या दगडी भिंती दूरवर गेल्या होत्या, मधूनमधून वाळूत बुडून पुन्हा वर येत होत्या. वारा होता, दुसरा आवाज नव्हता. इमाद हात फिरवत अरबीत खूप सांगत होता. त्यातलं पाणी, उंट आणि राजा एवढंच अरविंदला कळलं, पण त्यानं सगळ्याला मान डोलावली. एका कोपऱ्यातल्या चिऱ्यांचे सांधे त्यानं बोटानं चाचपून पाहिले. त्यांत नखही शिरत नव्हतं. हे ज्यानं केलं त्यालाही कोणीतरी वर बसून घाई करत असेल, असं त्याच्या मनात आलं.

परतीच्या वाटेवर अंधारून येत होतं. सुरैया आणि मंजिरी मागे झोपल्या होत्या. नसरुद्दीनच्या पापण्या जड होत होत्या.

"बोलत राहा सोहनी," तो म्हणाला. "नायतर मी गाडी वाळूत घालीन. काय बघितलंस ते सांग."

अरविंदनं सांगायला सुरुवात केली. भिंती सांगितल्या, पाणी सांगितलं, उंट सांगितले. हे सगळं फार लवकर संपलं. नसरुद्दीननं जांभई दिली. मग अरविंदनं राजा काढला.

"तिथे एक राजा होता. त्याला तटबंदी बांधायची होती. तारीख ठरलेली. काम रेंगाळलं, तशी राजानं सगळ्यांची रजा रद्द केली."

"असं तो इमाद बोलला?"

"अरबीत बोलला. त्यात एक गवंडी होता. त्यानं बायकोला कबूल केलं होतं, काम झालं की तुला समुद्रापलीकडे घेऊन जाईन. ते राहूनच गेलं. आणि त्याला ते तिच्यासमोर नीट बोलताही आलं नाही. दमला होता बिचारा. दगड तेवढे चांगले बसवले त्यानं."

नसरुद्दीन आता टक्क जागा होता. तो काही बोलणार तेवढ्यात मागून, टोपीखालून आवाज आला.

"मग त्याची बायको काय म्हणाली?"

अरविंद मागे वळला नाही.

"बरं म्हणाली," तो म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच. त्या 'बरं'चीच त्याला भीती वाटली."

मागची टोपी बाजूला झाली. मग मंजिरी पुढे झुकली आणि तिनं त्याची मान तपासल्यासारखी दाबून पाहिली.

"दगड बरे बसवले होते म्हणतोस," ती म्हणाली. "पुढे सांग. गवंड्याचं सांग, राजाचं नको."