भागोजी लॅपटॉपच्या अंगात आले

दत्तात्रेय घरतांच्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर सोमवारी सकाळी मेला. आधी घरघरला, मग स्क्रीन निळी झाली आणि मग जी काळी झाली ती कायमची. बाहेर न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या ट्रेलरची ही रांग, प्रत्येक ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि केबिनमध्ये दत्तात्रेय त्या डब्याच्या पाठीत धपाटे घालतायत. एरवी दोन धपाट्यांत तो शुद्धीवर यायचा. आज ढिम्म.

तसं बघितलं तर सत्तावीस वर्षं खारा वारा खाऊन तो इतका जगला हेच पुष्कळ. दत्तात्रेयांचे वडील, कैलासवासी भागोजी घरत, यांनी तो मोठ्या हौसेनं आणला होता. त्यात विंडोज अठ्ठ्याण्णव होतं आणि काट्याचा प्रोग्राम फक्त त्याच्यावरच चालायचा. तो लिहिणारा गृहस्थ कॉम्प्युटरला कंटाळून कर्जतकडे कोंबड्या पाळत होता. दत्तात्रेयांनी फोन केला तेव्हा मागून कोंबड्यांचाच आवाज जास्त येत होता.

"शेठ, नवीन घ्या आता."

"काय नवीन घेऊ?"

"सगळंच," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

आता नवीन म्हटलं की दत्तात्रेयांचं डोकं फिरायचं, आणि त्या आठवड्यात तर घरातही एक नवीन प्रकरण उभं राहिलं होतं. त्यांच्या मुलीनं, रुचितानं, लग्न ठरवलं होतं. स्वतःचं स्वतः. मुलगा परेश, जवळच्याच कंटेनर यार्डात नोकरीला, निर्व्यसनी, वागायला गरीब. पण गाव म्हसळ्याच्या आतल्या अंगाला, घरी भातशेती, मागे डोंगर.

"डोंगरातली मानसं ती. आपल्याला चालायची न्हायत," दत्तात्रेय म्हणाले. "ताजा बोंबील तरी बघितलाय का त्यांनी?"

"पप्पा, मी लग्न परेशशी करतेय, बोंबलाशी नाय," रुचिता म्हणाली.

हे बोलणं दत्तात्रेयांना झोंबलं. रविवारी परेशची माणसं घरी यायची होती. "येऊ दे. चहा पाजू आणि वाटेला लावू," असं त्यांनी जाहीर करून टाकलं. रुचिता दोन दिवस जेवली नाही, म्हणजे घरी जेवली नाही.

काटा बंद राहणं परवडणारं नव्हतं. म्हणून थोरला मुलगा केतन, जो बेलापूरला कॉम्प्युटरच्याच कंपनीत होता, रजा टाकून आला. त्यानं मेलेल्या डब्यातून हार्ड डिस्क काढली, तिच्यातलं सगळं आपल्या लॅपटॉपवर घेतलं, काट्याची वायर लॅपटॉपला जोडली आणि वडिलांना समजवायला बसला. खरं म्हणजे इथंच त्यानं घोळ घातला. गुपचूप चालू करून दिलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

"पप्पा, याला व्हर्च्युअल मशीन बोलतात. नव्या कॉम्प्युटरच्या आत जुना कॉम्प्युटर चालतो."

"आत म्हंजे? मावतो कसा?"

"मावायला तो वस्तू नाय ना. मशीन नवीनच, पण त्याच्या आत जुना जागा होतो. त्याला वाटतं आपण अजून आपल्याच डब्यात आहोत. बोलतो, चालतो तसाच."

दत्तात्रेयांनी जरा विचार केला. "म्हंजे अंगात येतो."

केतननंही विचार केला. त्याला कंपनीत आजवर कुणी याहून बरं समजावलं नव्हतं. "हो, तसंच," तो म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं.

लॅपटॉपवर जुन्या विंडोजचे ढग उमटले आणि खणखणीत आवाज आला, "आलो रं. बस तिकडं."

दत्तात्रेय बसले. खुर्ची मागे होती हे नशीब. आवाज भागोजींचा होता.

यात भुताटकी काही नव्हती. कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्याबरोबर एक माइकही आला होता आणि भागोजींनी हौसेनं आपला आवाज त्यात भरला होता. मशीन सुरू झालं की "आलो रं. बस तिकडं." चिठ्ठी नीट छापली गेली की "व्हय. चल, पुढं हो." आणि कुणी भलतंच टाइप केलं की "न्हाय. चुकलास." पण स्पीकर पहिल्याच पावसाळ्यात गंजले, मशीन मुकं झालं आणि सगळे हे विसरून गेले. आता लॅपटॉपचे स्पीकर नवे कोरे होते.

केतननं हे सगळं समजावून सांगितलं. दत्तात्रेयांनी चप्पल काढून ठेवत ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तूच बोललास ना, अंगात येतो म्हनून?"

तरी प्रकरण घरातल्या घरात मिटलं असतं. पण दुपारी कुलदीप नावाचा ट्रेलरवाला रिकामी गाडी वजनाला घेऊन आला. दत्तात्रेयांचं लक्ष अजून ठिकाणावर नव्हतं, आकड्याच्या जागी भलतंच अक्षर पडलं आणि लॅपटॉप गरजला, "न्हाय. चुकलास." दत्तात्रेयांनी घाईनं ते अक्षर खोडलं तसा आवाज तिथंच तुटला.

कुलदीप दचकला. "क्या बोला ये?"

"नहीं बोला. गलत है बोला," दत्तात्रेय म्हणाले.

कुलदीपनं लॅपटॉपकडे बघितलं, दत्तात्रेयांच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि हात जोडले. "सेठजी, गलती हो गयी. क्लीनर और उसके दो भाई पीछे सोये हैं. अभी उतारता हूँ."

रिकामी गाडी जड दाखवली की नंतर भरलेला माल कमी दिसतो, ही ट्रेलरवाल्यांची जुनी युक्ती. मग काय विचारता. मेलेले भागोजी काट्यावर बसून खोटं वजन पकडतायत, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. दुसऱ्या दिवशी शेजारची सखुबाई नारळ घेऊन आली. तिची कोंबडी हरवली होती. तिनं प्रश्न विचारला, दत्तात्रेयांनी भक्तिभावानं एक चिठ्ठी छापली आणि लॅपटॉप म्हणाला, "व्हय. चल, पुढं हो." सखुबाई पुढे झाली तर कोंबडी खरंच पुढच्या गटाराच्या कडेला उभी. त्यानंतर केबिनबाहेर दोन रांगा लागू लागल्या, एक ट्रेलरची आणि एक नारळांची. दुसरी जास्त लांब होती. कुणाला नवीन रिक्षा घ्यायची, कुणाला जावेशी बोलायचं की नाही ते ठरवायचं. दत्तात्रेय कपाळाला अंगारा लावून बसायला लागले. केतननं आवाज बंद करायचं बटण दाखवलं, तर त्यांनी विचारलं, "आजोबाचं तोंड दाबतोस?"

या सगळ्यात एकट्या जनीबाई, म्हणजे भागोजींची बायको, काट्याकडे फिरकल्या नाहीत. दत्तात्रेय धावत सांगायला गेले होते, "आई, बाबा बोलतायत." त्या ओटीवर सुकट निवडत होत्या. "बोलू दे," त्या म्हणाल्या. "मी लई ऐकलंय."

शनिवारी दत्तात्रेयांनी घोषणा केली. म्हसळ्याच्या स्थळाबद्दल आपण कोण सांगणार? बाबा आहेत. उद्या पाहुण्यांसमोर त्यांनाच विचारू, ते म्हणतील तसं.

रुचितानं केतनला मागच्या पडवीत गाठलं.

"दादा, मला व्हय पायजे."

"अगं, ते रेकॉर्डिंग आहे."

"माहितीय. म्हणून तर तुला सांगतेय. पप्पा आता हटायचे नाय. उद्या नाय आलं तर माझं लग्न गेलं, कळतंय ना तुला?"

केतनला कळत होतं. काम अवघड नव्हतं. एक खरं वजन आधीच भरून ठेवायचं, वडिलांनी प्रश्न विचारला की छपाईचं बटण दाबायचं, आजोबा व्हय म्हणणार. त्यानं तिला वचन दिलं आणि तिच्याकडून त्याबदल्यात स्वतःच्या एका भानगडीबद्दल गप्प राहायचं वचन घेतलं.

रविवारी परेश आईवडिलांना घेऊन आला. त्यांनी घरच्या तांदळाची गोणी आणली होती. दत्तात्रेयांनी त्यांना घरात न नेता थेट काट्याच्या केबिनमध्ये नेलं. दत्तात्रेय, त्यांची बायको दिपाली, रुचिता, केतन, पाहुणे तिघं, आणि नारळ फोडायचा मान आपलाच म्हणून सखुबाई. गोणी दारात. जनीबाईही आल्या, कारण पाहुणे बघायचे होते. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची धरली.

"आमचे वडील यात येतात," दत्तात्रेयांनी लॅपटॉपकडे हात केला.

परेशच्या वडिलांनी मान डोलावली. "आमच्याकडं एकाच्या अंगात येतं. पण तो माणूस आहे."

केतननं वजन भरलं आणि बोट छपाईच्या बटणावर ठेवलं. दत्तात्रेयांनी डोळे मिटले. "बाबा, तुमची नात म्हसळ्याला द्यायचीय. देऊ का?"

केतन बटण दाबणार, तेवढ्यात सखुबाईनं नारळ फोडला आणि ओंजळभर पाणी थेट कीबोर्डवर शिंपडलं.

"न्हाय," लॅपटॉप म्हणाला.

एंटरचं बटण आत रुतून बसलं होतं. प्रोग्रामला आकडा हवा होता, मिळत होतं नुसतं एंटर, आणि एंटर, आणि एंटर. "न्हाय. न्हाय. न्हाय. चुक... न्हाय. न्हाय." केतननं छपाईचं बटण बदडलं. काही नाही. माउस हलवला तर बाण जुन्या विंडोजच्या आत अडकलेला, बाहेर यायला तयार नाही. आवाज कमी करायला गेला तर त्या घाईत वाढला. त्यानं चार्जरची वायर ओढली. बॅटरी भरलेली होती. भागोजी आता वाहत्या रस्त्यावर ऐकू जात होते.

"बाबा, एकदा सांगितलंत तरी कळलं असतं," दत्तात्रेय हात जोडून म्हणाले, पण त्यांचा चेहरा खुलला होता.

रुचिताचे डोळे भरून आले. परेशचे वडील उठले. "चला. जिवंत माणसाची समजूत घालता येते. एवढे नाराज असतील तर कशाला थांबायचं?" त्यांनी गोणीला हात घातला.

तोवर परेश लॅपटॉपवर वाकला होता. त्यानं खिशातली बाइकची चावी काढली, एंटरच्या बटणाखाली सरकवली आणि बटण उचकटून हातात घेतलं. मारा थांबला. शेवटचा एक "न्हाय" तेवढा निघाला होता आणि त्याला मध्येच तोडायला मागून दुसरा येईना. म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच ते रेकॉर्डिंग शेवटपर्यंत वाजलं.

"न्हाय. चुकलास," भागोजी म्हणाले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग लांबून, पण स्पष्ट, "त्या रेवसच्या पोरीला मी सून करून घ्यायचा न्हाय, दत्ता. खाडीपलीकडली मानसं ती. आपल्याला चालायची न्हायत."

दिपालीचं माहेर रेवसचं. तिच्या हातातला चहाचा ट्रे तिरका झाला.

लॅपटॉपमधून आता एक कोवळा, रडवेला आवाज यायला लागला. "बाबा, मी तिच्याशीच लग्न करनार. न्हायतर मी जेवनार न्हाय. मी भाऊच्या धक्क्याच्या लाँचमधून उडी टाकीन." आणि मुसमुसणं.

मग एका बाईचा आवाज आला. "गप रं दत्ता. नाक पूस. ह्यांचं काय ऐकतोस? मी बघते कसं लगीन होत न्हाय ते. आणि तुमी, आदी ते यंत्र बंद करा." खट्.

सगळे दत्तात्रेयांकडे बघत होते. दत्तात्रेय छताच्या पंख्याकडे बघत होते.

"लाँचमधून?" दिपालीनं विचारलं. "तुम्हाला पोहता येतं की."

"तवा डोक्यात आलं न्हाय."

"आणि मला काय सांगितलंत? बाबांनी बघताक्षणी पसंत केली म्हणून."

दत्तात्रेयांनी कोपऱ्याकडे मोहरा वळवला. "आई, तुला हे सगळं ठाऊक व्हतं? मग इतके दिवस बोलली का न्हायस?"

"ह्यांना ते यंत्र चालू करता यायचं, बंद करता यायचं न्हाय," जनीबाई म्हणाल्या. "आणि मी काय बोलू? मला कुनी विचारलं? आख्खा गाव मेलेल्या मानसाला विचारायला येतो. मी जिती शेजारच्या घरात बसलेय, सुकट निवडत. एकजन आला न्हाय."

हे ऐकून दत्तात्रेयांचा चेहराच उतरला. त्यांनी कपाळावरचा अंगारा पुसला, परेशच्या वडिलांच्या हातातून गोणी घेतली आणि आत ठेवली. मग आईसमोर येऊन उभे राहिले. "आता विचारतो. तू सांग."

जनीबाईंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या परेशच्या आईकडे वळल्या.

"तुमच्यात हळद किती दिवस नाचतात?"

"नाचत नाय आम्ही," परेशची आई म्हणाली. "सकाळी लावतो, दुपारी आंघोळ."

जनीबाईंचा चेहरा पडला. "हे मात्र आपल्याला चालायचं न्हाय."

दत्तात्रेयांनी आशेनं मान वर केली.

"तू काय बघतोस?" जनीबाई म्हणाल्या. "मंडपवाल्याला फोन लाव. यांना नाचायला शिकवायचंय."