चौदा नंबरच्या बाई

डॉ. खांबेटे माणसांना अरेतुरे करत आणि उंदरांना अहोजाहो.

पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी भांडार आणि रजेचं रजिस्टर सांभाळत असे. रोज साडेनऊला तीन गोष्टी तपासायच्या: पिंजरे, खाद्य, खांबेटे. तिसरी गोष्ट हमखास पहिलीपाशी सापडे. हातात व्हर्नियर घेऊन ते उंदरिणींच्या स्तनातल्या गाठी मोजत. "बाई, जरा वळता का? आभारी आहे."

"सर, नक्की करताय काय?" मी एकदा विचारलं.

"तुझ्या सोसायटीत वॉचमन आहे?"

"आहे."

"चोर ओळखतो?"

"सलाम करतो."

"कॅन्सरचं तेच. गाठ घरचीच, म्हणून शरीराचे शिपाई सलाम ठोकतात. मी आधी गाठीच्या मेलेल्या पेशी टोचून त्यांना चोराचा फोटो दाखवतो. मग जिवंत पेशी सोडतो. बघू, पकडतात का."

उंदरांच्या नोंदी संगणकावर घ्यायला खराडीहून सॉफ्टवेअरवाला आला. खांबेटे त्याच्यावर खेकसले, "हळू टाईप कर! आजाऱ्यांची खोली आहे."

सगळ्यांच्या गाठी वाढल्या. कुणाची भराभर, कुणाची सावकाश. चौदा नंबरची मात्र चक्क विरघळली. खांबेट्यांनी पेढे आणले. पहिला पेढा पिंजऱ्याकडे निघाला, तो मी वाटेतच अडवला. आहाराचा तक्ता माझ्याकडे होता.

पण गाठ शिपायांनीच घालवली की आपोआप गेली? हे कळायला बाईंची प्लीहा, म्हणजे शिपायांची चौकी, तपासायला हवी होती. म्हणजे त्यांना मारायला हवं होतं. तारीख ठरली. खांबेट्यांनी ती तीनदा पुढे ढकलली. कारणं मी लिहून ठेवली आहेत: अमावास्या, व्हर्नियर दुरुस्तीला, बाईंना सर्दी.

"उंदराला सर्दी, सर?"

"तू डॉक्टर आहेस का?"

चौथ्या तारखेला त्यांनी दार लावून घेतलं आणि ते काम स्वतः केलं, दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात निकाल आला. शिपायांनी चोर बरोबर ओळखला होता. संचालक अभिनंदनाला खाली आले, तर खांबेटे जागेवर नाहीत. ते माझ्या टेबलासमोर उभे होते, रजेचा अर्ज घेऊन. अर्धा दिवस. कारण: सुतक.

"अगंबाई, कोण गेलं?"

त्यांनी पिंजऱ्यांच्या खोलीकडे पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं. तरी नियम तो नियम.

"सर, मृताशी नातं लिहावं लागतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"रोज सकाळी बोलणं व्हायचं," ते म्हणाले. "एवढंच लिही."

मी लिहिलं.