पाळकबाईंच्या कोंबड्याचा रंग

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अख्ख्या सवाई बेटावर जनावरांच्या औषधात माझा हात धरणारा माणूस नाही! सरकारी डॉक्टर महिन्यातून एकदा फेरीबोटीने येतो, पण आमच्या गावात त्याला कोणी विचारत नाही. कशाला विचारतील? डुकराचं पोट बिघडलं तर पेरूची पानं उकळून पाजणारा मी. कुत्र्याला जंत झाले तर पपईच्या बिया वाटून देणारा मी. कोंबडीला उवा झाल्या तर खोबरेल चोळणारा मी. माझ्या हातून बरी झालेली जनावरं एका रांगेत उभी केली, तर रांगेचं शेपूट समुद्रात जाईल!

माझी बायको फुआतिनो म्हणते, "त्यातली निम्मी आपोआपच बरी झाली असती." पण घरच्या माणसाला कधी किंमत असते का?

तर एका सोमवारी सकाळी साक्षात पाळकबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. आमच्या गावात चर्चच्या पाळकसाहेबांचा मान केवढा, आणि त्यांच्या बायकोचा, सालाफाईबाईंचा, त्याहून काकणभर जास्त! त्यांच्या काखेत त्यांचा पांढराशुभ्र कोंबडा होता, आओलेले. आओलेले म्हणजे पळता ढग. पुढच्या आठवड्यात शनिवारी सालेलोलोगाला कृषी प्रदर्शन होतं, आणि बाईंनी त्याला त्यासाठीच वाढवला होता.

"सेमिसी, हा सारखा शिंकतोय हो," बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "खात नाही, आरवत नाही. काहीतरी करा!"

आओलेले शिंकला. एखाद्या म्हातारीने चर्चमध्ये दाबून शिंकावं तसा.

"बाई, निर्धास्त घरी जा," मी छाती फुगवून म्हणालो. "परवा घेऊन जा. ओळखू येणार नाही इतका बदललेला असेल!"

हे शब्द मी कुठल्या मुहूर्तावर उच्चारले, देव जाणे.

पेरूच्या पानांचं पाणी पाजलं. लसणाची पाकळी भरवली. मग पंख उचलून बघतो तर खाली एक छोटीशी जखम! जखमेला हळदीसारखं औषध नाही. परसातली ओली हळद उपटली, पाट्यावर वाटली, खोबरेलात कालवली आणि लावली. जखम होती बोटाच्या पेराएवढी, आणि हळद झाली होती वाडगाभर.

"उरलेली ठेवून द्या," फुआतिनो म्हणाली.

"चांगलं औषध वाया कशाला घालवायचं? सगळ्या अंगाला गुण येऊ दे की!"

आणि मी त्याला शेंडीपासून शेपटीपर्यंत माखला.

मंगळवारी सकाळी आओलेले खणखणीत आरवला! शिंक नाही, काही नाही. दाणे तर असे टिपत होता, जणू उपवास सुटलाय. मी धावत बाहेर गेलो आणि जागीच थांबलो. समोर पिकलेल्या पपईच्या रंगाचा कोंबडा उभा होता.

पाण्याने धुतला, रंग गेला नाही. खोबरेलाने पुसला, अजून चकाकायला लागला! शेवटी मी कपड्यांच्या साबणाची वडी काढली आणि त्याला बादलीत उभा करून घसाघसा चोळला. फेस आला. फेसातून कोंबडा बाहेर आला. लालभडक!

फुआतिनो दारात उभी होती. तिने बादलीकडे पाहिलं, कोंबड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अहो, हळदीला साबण लावतात का कधी? तुम्ही आयुष्यात एकदा तरी स्वतःचा सदरा धुतला असतात तर कळलं असतं!"

"आता काय करू?"

"काही करू नका! हात लावाल तर निळा होईल!"

बुधवारी पाळकबाई आल्या. बरोबर आमचा शेजारी ताविता होताच. कुठे काही बिनसलं की ताविता तिथे आधी पोचलेला असतो. नेमकी त्याच वेळी फुआतिनो चुलीवर दुकानातून आणलेली कोंबडीची तंगडी शिजवत होती. वास सगळीकडे पसरलेला!

"माझा आओलेले कुठाय?" बाईंनी विचारलं.

मी अंगणातल्या लाल कोंबड्याकडे बोट दाखवलं. बाईंनी हाक मारली, "आओलेले! बाळा!" पण साबणाच्या आंघोळीपासून ते महाराज सगळ्या मनुष्यजातीवर रुसले होते. त्यांनी सरळ पाठ फिरवली.

बाईंनी लाल कोंबड्याकडे पाहिलं. मग हळूच पातेल्याकडे पाहिलं. तावितानेही पातेल्याकडे पाहिलं, आणि मोठ्याने पाहिलं! हो, तो मोठ्यानेच बघतो.

"सेमिसी," बाईंचा आवाज कापत होता, "तुम्ही माझा आओलेले..."

"नाही हो बाई! ती दुकानची तंगडी!"

"तंगडी दुकानची, आणि कोंबडा जंगलातून धरून आणलेला!" ताविता ओरडला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सेमिसीने पाळकसाहेबांचा कोंबडा खाल्ला. आमच्याकडे गाव पाळकाला जेवू घालतं. पाळकाचाच कोंबडा ताटात घेणारा माणूस गावाने आजवर पाहिला नव्हता! चर्चची भजनमंडळी तालमीला निघाली होती, तीसुद्धा माझं घर आलं तसा रस्ता ओलांडून पलीकडून गेली.

गुरुवारी गावसभा बसली. सभाघराच्या खांबांना पाठ टेकून सगळ्या घराण्यांचे प्रमुख मांडी घालून बसले होते, मधोमध थोरले पेनिआमिनाकाका. मी कोंबडा मांडीवर घेऊन बसलो.

"आरोप खरा ठरला," काका सावकाश म्हणाले, "तर सेमिसीने गावाला वीस डुकरं द्यायची. आणि यापुढे कुठल्याही जनावराला हात लावायचा नाही."

डुकरं माझ्याकडे पाचच होती. पण खरं सांगतो, डुकरांचं एवढं वाटलं नाही. हात लावायचा नाही, हे मात्र ऐकवेना. पस्तीस वर्षांची विद्या होती माझी!

"काका, हा आओलेलेच आहे! हा लाल रंग हळदीचा आहे. बघा!" मी लिंबू कापलं आणि त्याच्या पाठीवर पिळलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल पिसं पिवळी झाली! सभेत "आऽऽ" असा आवाज उठला. ताविता चार हात मागे सरकला.

काकांनी वाकून पिसं निरखली.

"म्हणजे हा कोंबडा पिवळा आहे, एवढं सिद्ध झालं. बाईंचा पांढरा होता."

सगळं मुसळ केरात! तेवढ्यात बाहेर बसलेल्या बायकांमधून फुआतिनो उठली.

"काका, हळदीचा डाग उन्हात उडतो. कपडे धुणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. ह्याला उन्हात ठेवा. पांढरा झाला तर बाईंचाच कोंबडा. आणि माझा नवरा मूर्ख आहे, चोर नाही!"

माझ्या बाजूने कोणी इतकं जोरात बोलल्याचं मला आठवत नाही. शब्दांची निवड जरा बरी करता आली असती, एवढंच.

ठरलं! चर्चसमोरच्या हिरवळीवर कोंबडा उन्हात बांधायचा, आणि कोणी अदलाबदल करू नये म्हणून मी सतत त्याच्या शेजारी बसायचं. खोबरं वाळवताना उलटतात तसा मी त्याला फिरवत होतो, सकाळी डावी बाजू, दुपारी उजवी. दर तासाला त्याला पाणी, माझ्या टोपीची सावलीही त्यालाच. रविवारी प्रार्थनेत निम्मी मंडळी खिडकीतून कोंबडा बघत होती. पाळकसाहेबांनी प्रवचन दोनदा थांबवलं, आणि दुसऱ्यांदा त्यांनीही खिडकीतून डोकावून घेतलं. दिवसागणिक कोंबडा उजळत गेला आणि मी काळवंडत गेलो!

पुढच्या गुरुवारी सभा पुन्हा बसली. पिवळेपणा पार गेला होता. मी ऐटीत कोंबडा मधोमध ठेवला.

"हा पांढरा नाही!" ताविता लगेच म्हणाला. "नीट बघा. हा सायीच्या रंगाचा आहे. बाईंचा नुसत्या दुधासारखा होता!"

खरंच की! मी डोळे चोळले. काहीतरी पिवळसर झाक होतीच. पेनिआमिनाकाकांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांपुढून पाचही डुकरं एकामागोमाग चालत गेली.

"तोच आहे," कोणीतरी हळूच म्हणालं. पाळकबाई उभ्या होत्या. मान खाली, कान लाल.

"कशावरून, बाई?"

"त्याचा रंग मुळात हाच आहे. प्रदर्शनासाठी मी त्याला रोज पावडर लावत होते. घामोळ्याची." बाई माझ्याकडे वळल्या. "सेमिसीने काही खाल्लं नाही. मी आधीच बोलायला हवं होतं, पण लाज वाटली."

मग पाळकसाहेबच आधी हसले, आणि अख्खी सभा खांबांवर डोकी आपटून हसायला लागली.

हसू ओसरल्यावर काकांनी डोळे पुसत विचारलं, "आणि बाई, हा शिंकायला कधीपासून लागला?"

बाई विचारात पडल्या. "पावडर लावायला लागले त्याच आठवड्यापासून..."

सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. पेरूची पानं, लसूण, वाडगाभर हळद, सगळं त्या नजरांत वाहून गेलं. पण मीही काही कच्चा नाही! ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "काका, रोग्याला रोगाच्या कारणापासून दूर नेणं हाच खरा उपचार! मी त्याला दूर नेला की नाही?"

"नेलास बाबा," काका म्हणाले. "पार चर्चसमोर नेलास."

शनिवारी आओलेले त्याच्या मूळ रंगात प्रदर्शनाला गेला आणि दुसरा आला! परीक्षक होता तोच फेरीबोटीवाला सरकारी डॉक्टर. "पिसांना एवढी चकाकी कशाने?" असं त्याने विचारलं, तेव्हा सालाफाईबाईंनी सगळ्यांसमोर मला पुढे केलं. "खोबरेल आणि ऊन. आमचा सेमिसी!" डॉक्टरने वहीत लिहून घेतलं. स्वतः पाहिलं मी! सरकारी वहीत, माझं औषध!

तेव्हापासून माझ्या दारात दुप्पट गर्दी असते. नुसत्या आमच्या गावची नव्हे, चार गावांची! मात्र हल्ली फुआतिनो फाटकाशी स्टूल टाकून बसते. आलेल्या माणसाला ती रोग विचारत नाही, लक्षणं विचारत नाही. आधी एकच विचारते, "जनावर कुठल्या रंगाचं आहे?"

काळं, करडं असेल तर आत सोडते.

पांढरं असेल तर सरकारी डॉक्टरची बोट कोणत्या दिवशी येते, ते सांगते.